आज कोणी नवीन आलंय का?

“चपला इथंच काढा, अक्का. कोणी नेत नाही,” सुवार्तम्मा म्हणाली आणि पायरी चढताना आधार म्हणून तिनं हात पुढे केला.

मी तो हात धरला नाही. मी त्या बाईला पारखायला आले होते, तिचा आधार घ्यायला नव्हे.

कोळसा खदानीच्या वसाहतीत तेलुगू लाइनच्या, म्हणजे तेलुगू कामगारांच्या चाळींच्या, अगदी टोकाला ते बॅप्टिस्ट चर्च होतं. लांबोडकी खोली, वर सिमेंटचे पत्रे, दारावर निळ्या रंगात मराठी आणि तेलुगू अक्षरं. लग्न होऊन वसाहतीत आल्यापासून बाजाराला जाताना मी त्याच्यासमोरून किती वेळा गेले असेन, पण आत कधी डोकावले नव्हते. आपला काय संबंध? आमच्या देरकरांच्या घरात चर्चचं नावसुद्धा निघायचं कारण नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. तरी त्या सकाळचा पायाखालचा फरशीचा गारवा अजून आठवतो.

तिथं जायचं कारण माझा नवरा. त्यांचं नाव दौलत देरकर. खदानीत पाणी उपसायच्या पंपावर त्यांची ड्युटी असायची. त्या रविवारच्या आठवडाभर आधी ते न्हाणीत पडले आणि उजवं अंग गेलं, वाचा गेली. चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी बसून होते, तेव्हा ही सुवार्तम्मा आली. माझ्याच वयाची, काळीसावळी, पांढरं सुती पातळ, कपाळ मोकळं. मला नमस्कार करून ती सरळ पलंगाजवळ गेली. त्यांचा डावा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटू लागली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

माझा हात त्यांनी कित्येक वर्षांत धरला नव्हता.

दर रविवारी सकाळी हा माणूस इस्त्रीचा सदरा घालून बाहेर जायचा आणि दुपारी जेवायला परत यायचा. कुठं जाता, असं मी विचारत नव्हते. आमच्यात विचारणं-सांगणं उरलंच नव्हतं. शेजारची ठमकेबाई एकदा म्हणाली होती, “तुह्ये मालक त्या तेलुगू लाइनीत दिसतेत वो.” मी तेही ऐकून घेतलं होतं. त्या दिवशी दवाखान्यात त्या बाईच्या हातात त्यांचा हात बघितला आणि मनाशी म्हटलं, हे असं आहे तर.

जाताना ती मला दाराबाहेर घेऊन गेली.

“अक्का, रविवारी तुम्ही आमच्या उपासनेला या. सगळे तुमची वाट बघतात.”

“माही वाट? काऊन?”

“या तर खरं. काही आणायचं नाही. नारळ नाही, ताट नाही, फुलं नाही. बायका डावीकडं बसतात, डोक्यावर पदर घेतात. पैशाची थैली फिरते, पण पाहुण्यांनी टाकायचं नसतं. उभं राहा म्हटलं की सगळ्यांबरोबर उभं राहायचं. आमची प्रार्थना लांब असते, कंटाळा आला तर डोळे उघडे ठेवा, देव रागवत नाही.” ती हसली. “आणि घाबरू नका, पहिल्याच दिवशी कोणी तुम्हाला पाण्यात...”

बोलता बोलता ती थांबली. तिचं हसू गेलं. तिनं जीभ चावल्यासारखं केलं आणि माझ्या दंडावर हात ठेवून घाईघाईनं निघून गेली.

तिला काय झालं ते मला कळलं नाही. पण रविवारी जायचंच, हे मी तिथंच ठरवलं. नवऱ्याजवळ पुतण्याला बसवलं आणि सकाळच्या बसनं वसाहतीत परतले.

आत गेल्यावर मी आधी देव शोधला. येशूची मूर्ती असेल, मेणबत्त्या असतील असं वाटलं होतं. तिथं काहीच नव्हतं. समोर लाकडी फळ्यांचा ओटा, त्यावर एक उंच मेज, मागच्या भिंतीवर साधा क्रूस रंगवलेला. माणसं मात्र गच्च भरलेली. बाजेवर पडून खोकणाऱ्या, रेशनच्या रांगेत भांडणाऱ्या बायका मी ओळखत होते; त्याच इथं धुतलेली पातळं नेसून, पदर घेऊन बसल्या होत्या. प्रत्येकीनं मला नमस्कार केला. मी शेवटच्या बाकावर अंग चोरून बसले. सुवार्तम्मा पुढे जागा असताना माझ्याजवळ येऊन बसली.

“देव कुठं आहे तुमचा?” मी विचारलं. जरा खवचटपणेच.

“मूर्ती नसते आमच्यात. पुस्तक असतं. आणि आम्ही असतो.”

मग गाणं सुरू झालं. ढोलकी, पेटी, खंजिरी. पहिलं तेलुगूत, दुसरं मराठीत. उजवीकडं पुरुषांच्या पहिल्या बाकावर एक वाकलेला म्हातारा टाळ्या वाजवत होता. त्याला मी ओळखलं.

तो मल्लय्या होता. माझ्या पोराला त्यानं पाण्यातून वर काढलं होतं.

सुहास. आमचा एकुलता एक. अकरावीत होता. वडिलांना पंपावर डबा द्यायला जाताना जुन्या खड्ड्याच्या काठावरून गेला. कोळसा काढून सोडून दिलेला खड्डा, तळ्यासारखा भरलेला. काठ खचला. पोहता येत होतं त्याला, पण वरून मातीच कोसळली. ह्यांच्याबरोबर पंपावर असलेला मल्लय्या कपड्यांनिशी आत उतरला होता.

पोराला अंगणात आणून ठेवलं, तेव्हा सगळी लाइन जमली होती. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि सगळ्यांच्या देखत एकच वाक्य म्हणाले, “तू पाठवलंच काऊन त्याले?”

मी पोराच्या तोंडावरची माती पदरानं पुसत राहिले. डबा रोजच जायचा. कधी शेजारचं कोणी न्यायचं, कधी सुहास न्यायचा. त्या दिवशी त्याला सुट्टी होती.

त्यानंतर ते वाक्य आमच्या घरात राहायला आलं. ते पुन्हा बोलले नाहीत आणि मीही त्याचा विषय काढला नाही. पोराचं नाव निघेनासं झालं. मीठ कमी आहे, पाणी आलं, मी निघतो, एवढंच बोलणं. रात्री ते भिंतीकडं तोंड करून झोपायचे, मी दाराकडं. हा माणूस मला माझ्या पोराची मारेकरीण समजतो, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. सुरुवातीला रडले, मग राग धरला, मग तोही सरला. जसं एखादं दुखणं अंगवळणी पडतं तसं ते माझ्या अंगवळणी पडलं. उरलेली वर्षं त्यांच्या डोळ्यांत दोषी म्हणूनच काढायची, असं मी धरून चालले होते.

गाणं संपलं. पास्टर उभे राहिले. येसुरत्नम त्यांचं नाव, चष्मेवाले, किरकोळ अंगाचे. ते मराठी बोलायचे तर मधेच तेलुगू हेल यायचा.

“आज आपल्यात कोणी नवीन आलंय का? पहिल्यांदा आलेल्यांनी उभं राहून आपलं नाव सांगावं. आपण त्यांचं स्वागत करू.”

सुवार्तम्मानं माझ्या कोपराला हलकेच स्पर्श केला. मी मान हलवली. पण पुढच्या बाकांवरच्या बायका एकेक करून मागं वळल्या होत्या, हसत होत्या. उठले नाही तर आणखी लाज. मी उठले.

“मी प्रमिला,” मी म्हटलं. आवाज घशातच राहिला, म्हणून पुन्हा म्हटलं, “प्रमिला दौलत देरकर.”

खंजिरीवर कोणाचातरी हात होता, तो हलला आणि एकदाच झणझण झालं. आणि मग मल्लय्या दोन्ही हात वर करून देवाची स्तुती केल्यासारखा ओरडला, “स्तोत्रम्! स्तोत्रम्!” आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

मला वाटलं, माझ्याकडून काही चुकलं. पास्टर ओट्यावरून खाली उतरले, बाकांच्या मधून चालत माझ्यासमोर आले. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता.

“बहिणी, तुम्ही आलात. म्हणजे भाऊंनी सांगितलं तुम्हाला!”

मी नुसती बघत राहिले. त्यांना ते पुरेसं वाटलं असावं. ते लोकांकडं वळले.

“आपण किती वर्षं एकच प्रार्थना करत आलो, आठवतं ना? मल्लय्यांनी देरकरभाऊंना पहिल्यांदा इथं आणलं तेव्हा ते त्या शेवटच्या बाकावर बसायचे. बहीण उभी आहे ना, तिथंच. एक शब्द बोलायचे नाहीत. मग एक दिवस साक्षीच्या वेळी, सगळे आपलं मन उघडं करतात तेव्हा, उभे राहिले आणि म्हणाले, मी माझ्या बायकोशी खोटं वागलो.”

बायका पदरानं डोळे पुसत होत्या. त्यांना पुढचं सगळं पाठ होतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. मला एकटीलाच ते नवीन होतं.

“म्हणाले, पोराला त्या काठाची वाट मीच दाखवली. आदल्या दिवशी मीच त्याला म्हटलं, सडकेनं फेरा पडतो, डबा थंडा होते, काठावरून येत जा, मी रोज येतो. आणि पोरगं गेलं तेव्हा सगळ्यांसमोर मी बायकोवर ढकललं. ती मला उलट एक शब्दही बोलली नाही. तिला खरं सांगायची हिंमत मला नाही. माझ्यासाठी प्रार्थना करा.” पास्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “दर रविवारी हेच मागायचे. या आठवड्यात सांगतो म्हणायचे. पुढच्या रविवारी आले की मान खाली. बाप्तिस्म्याला आम्ही किती वेळा म्हटलं! म्हणायचे, आधी तिला सांगतो, मग पाण्यात उतरतो. आणि आज बघा. भाऊ आजारी आहेत, पण ही बहीण आपल्यात उभी आहे. देवानं ऐकलं!”

सगळे उभे राहिले. ढोलकी पुन्हा सुरू झाली. बायका येऊन माझे हात हातात घेत होत्या, एकीनं तर मला मिठीच मारली. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. मी त्या गर्दीत खांबासारखी उभी. हे इतके लोक. भाजी घेताना, नळावर, रेशनच्या रांगेत हे सगळे मला भेटत होते. प्रत्येकाला ठाऊक होतं. माझ्या घरातली गोष्ट माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होती.

मला म्हणायचं होतं, नाही हो, त्यांनी काहीच सांगितलं नाही. तोंड उघडलंही असेल मी. पण मल्लय्या समोर आला आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला. एवढा मोठा माणूस, आणि सुहासला ज्या हातांनी वर काढलं तेच हात.

“भाऊ आता हलके झाले,” तो म्हणाला. “आता सुखानं जातील.”

मी त्याला खांद्याला धरून उठवलं, आणि म्हणायचं होतं ते राहूनच गेलं.

मग उपदेश झाला. कशावर होता, मला सांगता येणार नाही. थैली फिरली, सुवार्तम्मानं ती माझ्यासमोरून पुढे दिली. पावाचे तुकडे आणि द्राक्षाच्या रसाचे अंगठ्याएवढे पेले फिरले, तेव्हा ती कानाशी म्हणाली, “हे बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतं अक्का, वाईट वाटून घेऊ नका. भाऊंनीपण कधी घेतलं नाही. ताट पुढे द्यायचे.”

मीही ताट पुढे दिलं.

शेवटी चार माणसांनी ओट्याच्या फळ्या उचलल्या. खाली सिमेंटचा हौद होता, काठोकाठ भरलेला. पांढऱ्या झग्यातल्या दोन मुली पायऱ्या उतरून पाण्यात उभ्या राहिल्या, आणि पास्टरांनी पहिलीच्या पाठीला हात लावून तिला मागं झुकवलं. ती पाण्याखाली गेली. क्षणभरच. लगेच वर आली, तोंडावरचे केस बाजूला करत, हसत. तिची आई पुढे टॉवेल घेऊन उभी होती.

एवढंच बघितलं आणि मी उठले. चपलांच्या ढिगात माझी चप्पल सापडेना, तशीच अनवाणी थोडं अंतर गेले, मग सुवार्तम्मा मागून धावत चपला घेऊन आली. तिनं वाकून त्या माझ्या पायांपुढं ठेवल्या आणि माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिली.

“अक्का?” ती म्हणाली.

“बस निघून जाईल,” मी म्हटलं.

बसमध्ये बसल्यावर मला कसली तरी घाई झाली. खरं सांगायचं तर तो आनंदच होता. इतक्या वर्षांनी मला निर्दोष सोडलं होतं. राग यायला हवा होता, तो मागून आलाही, पण त्या बसमध्ये मला एकच दिसत होतं. मी जाईन, त्यांच्या कानाशी वाकेन आणि म्हणेन, मले समजलं, आता भिंतीकडं तोंड करू नोका. अजून वेळ गेलेली नाही. वाचा गेली तरी कान आहेत. दोघांनी मिळून एकदा पोराचं नाव घेऊ, एकदा पोटभर रडू. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते आणि बाजूची बाई मला, बरं वाटत नाही का, म्हणून विचारत होती.

वॉर्डाच्या दारातच सिस्टर भेटली. तिचा चेहरा खुलला होता.

“काकू, काका बोलले आज! सकाळपासून बोलतायत.”

मी धावतच आत गेले. पुतण्यानं त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. डोळे उघडे होते, माझ्याकडंच होते.

“भूक लागली का?” मी विचारलं.

“हाव,” ते म्हणाले. तोंड वाकडं झालं होतं, पण शब्द स्वच्छ. त्यांचाच आवाज.

मी पुतण्याला चहाला पाठवलं. खुर्ची ओढून जवळ बसले आणि त्यांचा डावा हात हातात घेतला. त्यांनी काढून घेतला नाही.

“मी आज तुमच्या चर्चात गेलती.”

“हाव.”

“थे मल्लय्या भेटला. सारे भेटले. सारं सांगितलं मले त्यायनं. काठाच्या वाटेचं.”

“हाव.”

“मले काऊन नाही सांगितलं वो तुमी? मी काय खाल्लं असतं का तुमाले?”

“हाव.”

त्यांच्या डोळ्यांत बघितलं. ते माझ्या खांद्यावरून पलीकडं, खिडकीकडं बघत होते. तिथं काहीच नव्हतं.

“तुमचा माह्यावर राग नव्हता ना?” मी हळू विचारलं.

“हाव.”

“राग होता?”

“हाव.”

“मी कोण आवो? माहं नाव सांगा.”

“हाव,” ते म्हणाले, आणि शाबासकीची वाट बघणाऱ्या पोरासारखे किंचित हसले.

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. “आपला सुहास कुठं हाये?”

“हाव,” ते म्हणाले. “हाव. हाव.”

डॉक्टरांनी मग समजावलं. मेंदूला मार बसला की कधीकधी एखादाच शब्द शिल्लक राहतो. पेशंट सगळ्याला तोच म्हणतो, त्याला अर्थ नसतो. त्यांना कळतं का काही, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. थोडंफार कळतही असेल. नसेलही.

त्यांना घरी आणल्यावर मी पुष्कळ प्रयत्न केले. सुहासचा फोटो दाखवला. तीच गोष्ट मोठ्यानं, हळू, रागानं, मायेनं सांगून बघितली. एकदा तर त्यांना गदगदा हलवलं आणि नंतर त्यांच्याच पांघरुणात तोंड खुपसून बसले. मग सोडून दिलं. आंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची. रात्री मी त्यांना वळवून माझ्याकडं तोंड करून झोपवत असे. त्या उघड्या डोळ्यांत काय आहे ते मला दिसत नव्हतं.

चर्चमध्ये मी परत गेले नाही. पास्टर दोनदा घरी येऊन प्रार्थना करून गेले. भाऊंचा चेहरा किती शांत झालाय, असं म्हणाले.

थंडी सुरू झाली तेव्हा ते गेले. दिरांनी इरई नदीच्या काठावर अग्नी दिला. चर्चची माणसं आली होती, जरा लांब, खाली मान घालून उभी होती. मल्लय्याला कोणीतरी धरून आणलं होतं.

तेरवी झाल्यावर सुवार्तम्मा भेटायला आली. पाहुणे पांगले होते. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली, पातळाच्या काठाशी चाळा करत राहिली.

“अक्का, एक विचारू? रागावू नका. त्या दिवशी तुमचा चेहरा बघितल्यापासून मला झोप नाही. भाऊंनी तुम्हाला खरंच सांगितलं होतं ना? की आम्हीच...”

तिचे डोळे सुजलेले होते. ही बाई माझ्या नवऱ्यासाठी इतकी वर्षं गुडघ्यांवर बसली होती. आणि मी तिच्याविषयी काय समजून बसले होते! मल्लय्याही आता फार दिवसांचा नव्हता. भाऊ हलके झाले, हलके झाले, असं तो भेटेल त्याला सांगत होता.

“सांगितलं होतं,” मी म्हटलं.

“देवाची शपथ?”

“पडायच्या आदल्या दिवशी. संध्याकाळी मी अंगणात तांदूळ निवडत बसली होती. ते येऊन समोर बसले. म्हणाले, पमे, इकडं पाहाय. लग्न झाल्यावर सुरुवातीला पमे म्हणत मला. मग म्हणाले, माहं चुकलं. वाट मीच दाखवली होती त्याले. तुह्यावर ढकललं म्या. आणि रडले. माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडले.”

मी बोलत गेले आणि ते मला दिसत गेलं. अंगण, सुपातले तांदूळ, त्यांचं पिकलेलं डोकं. सुवार्तम्मा ऐकता ऐकता रडत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत होता.

“आणि तुम्ही?” तिनं विचारलं. “तुम्ही काय म्हणालात, अक्का?”

मी तोंड उघडलं. बसमध्ये जुळवलेली वाक्यं आठवून बघितली. एकही सापडलं नाही.

ती वाट बघत होती. मी उठले, चहा ठेवते म्हटलं आणि आत गेले.